हरिकेन १/८, किट बिल्ड, सोलापूर (वजन, कापड आणि माळरान)

होटगीकर :

"सध्या बोर्डावर काय" या धाग्यात माझ्या हरिकेनच्या (दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं रेडिओवर उडणारं मॉडेल) पंखाचे फोटो टाकले होते. तिथे चर्चेला इतके फाटे फुटले की ज्याचा मूळ प्रश्न होता तो बिचारा स्वतःच्या ग्लायडरबद्दल विचारायचंच विसरला. म्हणून हा वेगळा धागा.

किट लेझर-कट बाल्सा (अगदी हलकं लाकूड) आणि लाइट प्लायचं, प्रमाण १/८. खऱ्या हॉकर हरिकेनचा पंख टोकापासून टोकापर्यंत ४० फूट, म्हणजे आपला बरोबर ५ फूट. हिशेबाला याच्याइतकं सोयीचं लढाऊ विमान नाही. स्पिटफायर का नाही, हे प्रत्येक जण विचारतोच. स्पिटफायर दिसायला देखणी, पण तिचे पाय जवळजवळ आणि चाकं बाहेरच्या बाजूला दुमडणारी. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीवर पहिल्याच खड्ड्याला पंखाचं टोक टेकवते. हरिकेनची चाकं आत दुमडतात, त्यामुळे जमिनीवर ती पाय फाकवून उभी राहते. शिवाय कॉकपिटच्या मागे खऱ्या विमानातही लाकडी फॉर्मर (आडव्या चौकटी), स्ट्रिंगर (लांबीच्या पट्ट्या) आणि वर ताणलेलं कापडच होतं, आत फक्त धातूच्या नळ्यांचा सांगाडा. आपण बाल्सात जे करतो त्यातलं निम्मं काम तिथे आपोआप 'स्केल', म्हणजे खऱ्यासारखं, दिसतं.

आत्तापर्यंतचं काम. पंखाचे दोन्ही भाग फ्लश दरवाजाच्या जुन्या पानावर बांधले. पान सरळ आहे का ते दोरा ताणून आधी तपासलं. प्लॅनवर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर खालचा स्पार (पंखाचा कणा) पिनांनी पक्का, मग बरगड्या. बरगड्यांना खाली तात्पुरते पाय दिलेत, ते शेवटी कापायचे. टोकाच्या बरगडीचे पाय मागे थोडे उंच आहेत, त्यामुळे मागची कड साधारण ५ मिमी वर राहते. टोकाची कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) १५० मिमीच्या आसपास, म्हणजे २ अंशांचा वॉशआउट (टोकाकडे मुद्दाम दिलेला पीळ) झाला. वरचं शीटिंग (पातळ बाल्साचं आवरण) चिकटेपर्यंत पंख बोर्डावरून उचलायचा नाही, नाहीतर हा पीळ दोन्ही बाजूंना वेगवेगळा बसतो आणि मग विमान आयुष्यभर एका कुशीवर वळत राहतं. पुढच्या कडेचं शीट वाकवायला पाण्यात थोडा अमोनिया घालून भिजवलं. रबरबँडनी बांधून रात्रभर ठेवलं की सकाळी आकार धरलेला असतो.

आता शेपूट, मग कव्हरिंग. शेपूट किती हलकी करू, वर काय लावू आणि रिट्रॅक्ट (आत दुमडणारे पाय) घालू का, या तिन्हींवर बोला. मोटर ५०० केव्हीच्या (दर व्होल्टला ५०० फेरे) आसपासची, बॅटरी ५ एस ४००० (पाच सेल, ४००० एमएएच), पंखा (प्रॉपेलर) १४×८ इंची.


कडक_भाकरी :

काय करूलालाव ओ, विमान का चादर? बोर्डावर दोरा ताणलेला बघून मला वाटलं माग बसवला घरात.

फोटो एक नंबर. चौथा दिसत नाही.


फॉर्मर_सात :

हरिकेन घेतलीत, मनापासून आनंद झाला. स्पिटफायरच्या मॉडेलांचा नुसता पूर आलाय. हरिकेन आकाशात गेली ६ नोव्हेंबर १९३५ ला, स्पिटफायर त्यानंतर चार महिन्यांनी. आणि आपल्या हवाई दलाशी हरिकेनचं नातं फार जवळचं. १९४४ मध्ये इंफाळला क्रमांक १ स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होतं, अर्जन सिंग त्याचे प्रमुख होते. त्यांना डीएफसी हे शौर्यपदक तिथल्याच कामगिरीसाठी मिळालं, माउंटबॅटननी स्वतः लावलं. पुढे ते मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले.

तेव्हा एक विनंती. ब्रिटनच्या लढाईतली आरएएफची (ब्रिटिश हवाई दलाची) रंगसंगती करू नका, ती प्रत्येक किटच्या डब्यावर असते. बर्मा आघाडीवरची करा. वर गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खाली करडा. आणि गोल चिन्हात लाल ठिपका अजिबात नको. जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गफलत होऊन आपल्याच विमानावर गोळीबार होऊ नये म्हणून त्या आघाडीवर लाल काढून गडद निळा आणि फिकट निळा एवढंच ठेवलं होतं.


दख्खनी_वारा :

होटगीकर, काम स्वच्छ आहे. वॉशआउटबद्दल लिहिलंत ते प्रत्येक नवीन माणसानं दोनदा वाचावं.

वजनावर आकडे मांडतो, कारण त्यावरच बाकी सगळं ठरतं.

खऱ्या हरिकेनच्या पंखाचं क्षेत्रफळ २५७.५ चौरस फूट. १/८ म्हणजे भागिले ६४, साधारण ३७ चौरस डेसिमीटर. विमान २.८ किलोचं झालं तर दर चौरस डेसिमीटरला ७५ ग्रॅम. सोलापूर समुद्रसपाटीपासून पावणेपाचशे मीटरच्या आसपास, हवा जरा पातळ. ती धरून स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख उचल सोडतो तो) ताशी ४० किलोमीटरच्या जवळ येतो. तेच विमान ३.५ किलोचं केलंत तर ४४-४५.

"चार-पाच किलोमीटरनी काय होतंय?" हे मी मैदानावर शंभर वेळा ऐकलंय. दोन गोष्टी होतात.

पहिली, वळणात. ६० अंश कलून वळलात की स्टॉलचा वेग १.४१ पट होतो. ४० चा ५६, आणि ४४ चा ६२-६३. उतरायला येताना शेवटचं वळण आपण कमी वेगात आणि जरा घाईत घेतो. धावपट्टी पुढे निघून चालली असं दिसलं की हात आपोआप एलेव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी फळी) ओढतो. वॉरबर्ड (लढाऊ विमानांची मॉडेलं) मरतात ते याच वळणावर. समोर वेग दिसत नसतो, जमिनीवरून फक्त विमान दिसतं, आणि पाठीमागून वारा असेल तर ते आहे त्यापेक्षा वेगात दिसतं.

दुसरी, टेकताना. वजन सव्वापट आणि वेगाचा वर्गही सव्वापट, म्हणजे पायांवर येणारा मार दीडपटीहून जास्त. बाल्सा पंखातली पायांची बैठक त्या माराला तयार नसते.

आता शेपूट. तुमच्या प्लॅनवर सीजीपासून (गुरुत्वमध्यापासून) शेपटीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि सीजीपासून फायरवॉलपर्यंतचं (नाकात मोटर बसते त्या भिंतीपर्यंतचं) मोजा. हरिकेनचं नाक आखूड, तेव्हा शेपटीचा हात साधारण अडीच पट निघेल. शेपटीत १० ग्रॅम वाढवलेत की नाकात २५ ग्रॅम शिसं घालावं लागणार. म्हणजे ते १० नसून ३५ आहेत. मागे कुठलाही तुकडा चिकटवण्याआधी त्याला साडेतीननं गुणा आणि मग ठरवा.


होटगीकर :

मोजलं. २.६ पट आलं. शेपटीच्या तुकड्यांसाठी आता बाल्सा वेगळा निवडतोय. एकाच जाडीच्या पट्ट्या घेऊन किचनच्या काट्यावर टाकल्या तर एक ९ ग्रॅमची आणि शेजारची १५ ची. नखानं दाबून बघितलं की फरक लगेच कळतो. हलकीवर नख रुततं, जडवर नुसता पांढरा ओरखडा उठतो. हलक्या सगळ्या मागे, जड पुढे आणि स्पारला.

रडर (डावी-उजवीकडे वळवणारी उभी फळी) आणि एलेव्हेटरचे सर्वो (त्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) कॉकपिटखाली पुढे घेतोय. किटमध्ये ते बरेच मागे दाखवलेत. रडरला केव्हलारच्या दोऱ्यानं पुल-पुल (दोन्हीकडून ओढ), एलेव्हेटरला कार्बनची पोकळ नळी.


कडक_भाकरी :

साडेतीननं गुणायचं असेल तर माझं वजन पण शेपटीकडंच वाढलंय. नाकात काय घालू सांगा.


दख्खनी_वारा :

@कडक_भाकरी, भाकरी कमी घाला.


ताणाबाणा :

कापडाचा विषय निघालाय म्हणून लिहिते. माझं शिक्षण आणि नोकरी दोन्ही कापडातलं, विमानातलं मला फार कळत नाही. पण इथे दर वेळी कोणीतरी "दुकानातून पॉलिएस्टरचं अस्तर आणा आणि इस्त्री फिरवा" असं सांगतं आणि मग "आकसतच नाही हो" म्हणून रडगाणं येतं. कारण साधं आहे. दुकानात मिळणारं तयार अस्तर हीट-सेट केलेलं असतं. १८०-२०० अंशाला एकदा सेट झालेलं पॉलिएस्टर तुमच्या घरच्या इस्त्रीला भीक घालणार नाही.

तुम्हाला पाहिजे ते ग्रे कापड. मागावरून उतरलेलं, प्रोसेसला न गेलेलं. सोलापुरात राहून हे मिळवता येत नसेल तर कुठे मिळणार? मात्र आपल्याकडे मुख्यत्वे चादर आणि टॉवेलचं, म्हणजे सुती काम चालतं. पॉलिएस्टर ग्रेसाठी ओळखीच्या व्यापाऱ्याला सांगून ठेवावं लागेल, तुकडा मागवून देतात. मागताना असं सांगा : फिलामेंट (अखंड तंतूच्या) सुताचं, स्पन (कातलेलं) नको. स्पन सुताला लव असते, ती रंग पिऊन बसते आणि वजन वाढवते. जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) ४० ते ५० च्या आत. आणल्यावर कोमट पाण्यात थोडी डिटर्जंट पावडर घालून खळ धुऊन काढा. खळ राहिली तर गोंद धरत नाही आणि पुढे रंगाचे पोपडे सुटतात. गरम पाणी वापरू नका, आकसणं तिथेच खर्च होईल.

कापडाचा ताणा (उभे धागे) विमानाच्या लांबीला ठेवा, बाणा आडवा. दोन्हीकडचं आकसणं सारखं नसतं. आधी पट्ट्यांची एक वीतभर चौकट करा, तिच्यावर कापड चिकटवा, इस्त्री हळूहळू वाढवत न्या आणि चौकट वाकायला लागते का बघा. ती वाकली तर तुमचा रडरही वाकणार.


होटगीकर :

ताई, हे सोनं आहे. फिल्म (इस्त्रीनं चिकटणारं प्लास्टिक) लावायचा विचार होता, पण आपल्या उन्हात गडद रंगाची फिल्म गाडीतून उतरवेपर्यंत सुरकुतते, मग दर वेळी इस्त्री घेऊन बसा. कापड घेतो. मागच्या अर्ध्या भागाला आणि शेपटीला कापड. पंखाला आणि नाकाकडच्या भागाला, जिथे पूर्ण शीट आहे तिथे, २५ ग्रॅमचं ग्लास क्लॉथ (काचतंतूंचं कापड).

कापडाची वीण बुजवायला काय? डोप (कापडावर द्यायचं वार्निश) इथे मिळत नाही.


फॉर्मर_सात :

सुतारांच्या दुकानात एनसी क्लिअर लॅकर मिळतं. डोपही त्याच कुळातलं, नायट्रोसेल्युलोज. थिनरनं निम्मं पातळ करा आणि त्यात अगदी थोडं एरंडेल तेल टाका, म्हणजे वाळल्यावर कडक होऊन तडकत नाही. जुने मॉडेलर हेच करायचे. दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हातामागे हलका पॉलिश पेपर. वीण पूर्ण बुजवायची नाही, खऱ्या विमानावरही जवळून ती दिसायची.

फक्त गच्चीवर करा. वास डोक्यात जातो आणि पेटतं लगेच. देवघराच्या खोलीत तर अजिबात नको.


ताणाबाणा :

सुगंधी वातावरणात अगरबत्ती, हे एक सांगायलाच पाहिजे होतं का? :)


दख्खनी_वारा :

ग्लास क्लॉथवर एक सूचना. कापड २५ ग्रॅम प्रति चौरस मीटर असलं तरी खरं वजन रेझिनचं असतं. ब्रशनं लावून तसंच सोडलं तर कापडाच्या तिप्पट रेझिन बसतं. लावल्यावर जुनं क्रेडिट कार्ड फिरवून निपटून घ्या, मग टिश्यूचा रोल दाबत फिरवा. पृष्ठभाग कोरडा, किंचित खरखरीत दिसला पाहिजे. चकचकीत दिसला की समजा वजन वाया चाललंय.


नवशिका_पेठेतला :

नमस्कार. मी बारावीनंतर एनसीसी एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंगला थोडा हात घातला होता, आता परत सुरू करतोय. हा धागा वाचून थेट वॉरबर्ड घ्यावंसं वाटतंय. वर्षभर बांधत बसलो तर उडवायला शिकता येईल का मधल्या वेळात?


होटगीकर :

दादा, बांधायला आजच घ्या, उडवायला घाई नको. मधल्या वेळात फोमचा हाय-विंग ट्रेनर (पंख वर असलेलं शिकाऊ विमान), मग चार चॅनेलचा (चार वेगळे कंट्रोल) लो-विंग. लो-विंग दोन्ही बाजूंना वळवता यायला लागला, वाऱ्यात तिरकं येऊन उतरवता यायला लागलं, की हरिकेन. रेडिओ मात्र आत्ताच सहा चॅनेलच्या वरचा घ्या. फ्लॅप (उतरताना खाली सोडायच्या पंखाच्या पट्ट्या) आणि रिट्रॅक्ट मिळून सहा भरतातच.


फॉर्मर_सात :

रिट्रॅक्टचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. हरिकेनला पाय आत घ्यायला नकोत? हवेत पाय लोंबकळणारी हरिकेन बघवत नाही.


दख्खनी_वारा :

मलाही बघवत नाही. पण इलेक्ट्रिक रिट्रॅक्टची जोडी पायांसकट दीड-दोनशे ग्रॅम होते. ती सीजीच्या थोडी पुढे बसते, त्यामुळे समतोलाला बाधा नाही, एकूण वजनाला आहे. खरा प्रश्न जमिनीचा. डांबरी पट्टी असती तर मी डोळे झाकून हो म्हणालो असतो. सोलापुरातल्या माळावर लिंबाएवढे दगड असतात. रिट्रॅक्टची पिन पहिल्या दगडालाच वाकते, आणि वाकली की पाय अर्धा उघडतो. अर्धा उघडलेला पाय हा दोन्ही पाय बंद असण्यापेक्षा वाईट.

माझा सल्ला : बैठक रिट्रॅक्टच्या मापाची करा, त्यात सध्या वायरचे साधे पाय चार स्क्रूंवर बसवा. विमान समजलं, जागा समजली की बदला.


होटगीकर :

हे पटलं. तसंच करतो. प्लायची बैठक दोन बरगड्यांमध्ये अराल्डाइटनं, स्टँडर्डवालं, पाच मिनिटांचं नाही.

दरम्यान शेपूट झाली. स्टॅब (आडवी शेपूट) आणि एलेव्हेटर मिळून ४४ ग्रॅम, फिन (उभी शेपूट) आणि रडर २१. किटमध्ये शेपटीच्या चाकाची जी वायर दिली होती ती एकटीच १८ ग्रॅम भरली! ती बाजूला ठेवून पातळ वायर वळवली, चाकासकट ७ ग्रॅम. साडेतीननं गुणा बघू.


कडक_भाकरी :

३८ ग्रॅम वाचले. म्हंजे एक वडा.


फॉर्मर_सात :

आता एक गंमत सांगतो, वजनवाले आणि स्केलवाले, दोघांचंही समाधान होईल अशी. आपल्या भागातल्या बऱ्याच हरिकेनना नाकाखाली व्होक्स कंपनीचा मोठा धूळ-फिल्टर असायचा. हनुवटी सुजल्यासारखा दिसतो, लोकांना आवडत नाही, त्यामुळे मॉडेलवर फारसा कोणी करत नाही. पण बर्मा आघाडीची रंगसंगती करणार असाल तर तो शोभेल. आणि तो कुठे बसतो? अगदी नाकाखाली. म्हणजे जिथे तुम्ही शिसं घालणार आहात तिथेच. फायबरग्लासचा जाड केलात तरी कोणी बोलणार नाही. स्केलची सगळी हौस पुढे भागवा : काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) पॅनेलरेषा, एक्झॉस्ट, फिल्टर, स्पिनर (पंख्याची टोपी). मागे रिव्हेट उठवत बसू नका, कापडावर रिव्हेट नसतातच.


दख्खनी_वारा :

फॉर्मर_सात, आज तुम्ही माझ्या मनातलं बोललात. तारीख लिहून ठेवतो.

त्या फिल्टरच्या आत बॅटरीसाठी जागा निघते का बघा. बॅटरी जितकी पुढे सरकेल तितकं शिसं कमी.


होटगीकर :

निघते. फायरवॉलला खाली खिडकी कापली, चारी बाजूंनी प्लायची दुहेरी पट्टी दिली आणि बॅटरीचं तोंड ३५ मिमी पुढे गेलं. तिथूनच फिल्टरच्या तोंडातून हवा आत घेऊन बॅटरी आणि ईएससीवरून (मोटरच्या वेगनियंत्रकावरून) मागे सोडतोय. बाहेर पडायचं भोक आत येणाऱ्या भोकापेक्षा मोठं ठेवलंय, नाहीतर आत हवा तुंबते.


नकाशा_आधी :

बांधकाम छान चाललंय, पण उडवणार कुठे? होटगी रोडला विमानतळ आहे आणि आता तिथून प्रवासी विमानं जातात. ड्रोन नियम २०२१ आपल्या मॉडेललाही लागू आहेत, "हे ड्रोन नाही, विमान आहे" हा युक्तिवाद चालत नाही. चालत्या विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर जायला परवानगी लागते, ८ च्या आत त्याहून कडक. म्हणजे जवळजवळ सगळं शहर त्यात आलं. जुळे सोलापूर, कंबर तलाव, विजापूर रोड, काहीही धरू नका. त्याच्या पलीकडे (ड्रोनच्या नकाशावरच्या) हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मोकळीक. तुमचं विमान २ किलोच्या वर जाणार, म्हणजे 'स्मॉल' वर्गात. २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात हौसेसाठी उडवायच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या विमानाचं मंजुरीपत्र) लागत नाही. पण जागेचा नकाशा आणि नोंदणीच्या अटी सरकारी ड्रोन पोर्टलवर बघूनच घराबाहेर पडा.

आणि मोकळं माळरान दिसलं म्हणून नान्नजच्या बाजूला जाऊ नका. ते माळढोकचं अभयारण्य आहे. आधीच पक्षी नावापुरते उरलेत, वरून ही गरगर करणारी सावली फिरवायची नाही.


कडक_भाकरी :

नान्नजचं बरोबर बोललाव. मी मोहोळच्या बाजूला एक मुरमाचं पठार बघून ठेवलंय, पाव्हण्याच्या रानाला लागून. नकाशात हिरवं दाखवतंय. पाव्हणा म्हणाला उडवा, फक्त ज्वारीत घुसू नका.


दख्खनी_वारा :

ज्वारीचं मनावर घ्या. मालदांडी डोक्याच्या वर जाते. विमान तिच्यात पडलं की पन्नास पावलांवर असूनही दिसत नाही, आणि शोधायला चार जण घुसले की शेतकऱ्याचं नुकसान वेगळं. एक तर काढणीनंतर जा, नाहीतर आत बीपर बसवा. काढणीनंतर धसकटं राहतात, ती कापड फाडतात, पण विमान सापडतं तरी.

मार्चनंतर सकाळी नऊच्या आत आटपा. दुपारी वावटळी उठतात. शिवाय ४२ अंशाला इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा १३-१४ टक्के पातळ असते. पंखालाही कमी पकड, पंख्यालाही. आणि बॅटरी डिकीत ठेवून चहाला जाऊ नका. घरी आल्यावर उरलेला चार्ज दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा, भरलेली ठेवली तर आपल्या उन्हाळ्यात एका मोसमात फुगते.


होटगीकर :

पूर्ण झालं. कापड, लॅकर, रंग, फिल्टर सगळं धरून २.७६ किलो. त्यातलं शिसं ९५ ग्रॅम, टायरवाल्याकडची चाक बॅलन्स करायची तुकड्यांची पट्टी. क्षेत्रफळानं भागलं तर ७४ ग्रॅम. सीजी प्लॅनवरच्या पट्ट्याच्या पुढच्या कडेला ठेवलाय.

ताणाबाणा ताई, ग्रे कापड तुम्ही म्हणालात तसंच आकसलं. स्ट्रिंगरच्या मध्ये हलका खोलगट ताण येतो तो फोटोत बघा. रडरला इस्त्री एकदम कमी ठेवली, दोन्ही बाजू आलटून पालटून. पीळ नाही.


ताणाबाणा :

बघितलं. फोटो ऑफिसमध्ये दाखवला. आमच्या साहेबांनी विचारलं, "मीटरला काय भाव पडला?"


कडक_भाकरी :

आज उडवलं ओ! मी तिथंच होतो. होटगीकर सविस्तर लिहितील, मी आपलं एवढंच सांगतो, पाव्हण्याची म्हातारी आई खाटेवर बसून बघत होती, उतरल्यावर म्हणाली, "एवढं खटाटोप करून परत इथंच आणलं व्हय?"


होटगीकर :

आजींच्या प्रश्नाला उत्तर नाही.

वारा जवळपास नव्हता, पूर्वेकडून झुळूक. रेंज तपासली, सगळे कंट्रोल उलटसुलट हलवून बघितले, पट्टीवरचे दगड वेचले (याला सगळ्यात जास्त वेळ गेला). एलेव्हेटर वर धरून सुरुवात, थ्रॉटल हळूहळू. हरिकेन डावीकडे ओढते, उजवा रडर धरून ठेवावा लागतो, पण पाय रुंद असल्यामुळे वेडीवाकडी गेली नाही. शेपूट आपोआप उचलली, मग एलेव्हेटर सोडून वाट बघितली. थ्रॉटल दोन तृतीयांशावर असतानाच जमीन सुटली.

वर गेल्यावर उजवीकडे दोन क्लिक एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखाच्या पट्ट्या), आणि सरळ राहायला एलेव्हेटर थोडा वर. उंचीवर जाऊन स्टॉल करून बघितलं. नाक सरळ खाली पडतं, पंख पडत नाही. वॉशआउटचे ते ५ मिमी वसूल. उतरताना अर्धे फ्लॅप, शेवटचं वळण मुद्दाम मोठं आणि उथळ, थ्रॉटल जमिनीजवळ येईपर्यंत बंद केला नाही. दोन चाकांवर टेकली, थोडी उसळली, थांबली.

एक प्रश्न. निम्म्या थ्रॉटलला सरळ जाते, पूर्ण थ्रॉटल दिला की नाक वर काढते. डाउनथ्रस्ट (मोटरचा खालच्या बाजूचा कल) वाढवू का?


दख्खनी_वारा :

अभिनंदन! मोठं, उथळ वळण वाचून बरं वाटलं.

डाउनथ्रस्टला अजून हात लावू नका. एलेव्हेटर वर ट्रिम केलाय (कायमचा थोडा सरकवून ठेवलाय) म्हणताय, म्हणजे नाक जड असायची शक्यता जास्त. वेग वाढला की तोच वर ट्रिम केलेला एलेव्हेटर नाक उचलतो आणि माणूस मोटरला दोष देतो. आधी डाइव्ह करून बघा. भरपूर उंचीवर जा, थ्रॉटल बंद, ३०-४० अंशांत खाली सोडा आणि स्टिकवरून हात काढा. स्वतःहून झपकन वर आली तर नाक जड. तशीच सरळ जात राहिली तर सीजी ठीक, मग डाउनथ्रस्टचा विचार करा. नाक आणखी खाली घालायला लागली तर लगेच सावरा, शेपूट जड आहे. शिसं काढायचं ते एका वेळी १५-२० ग्रॅम, त्याहून जास्त नाही, आणि दर वेळी स्टॉल पुन्हा तपासायचा.


फॉर्मर_सात :

गोल चिन्हात लाल नाही, बघून डोळे निवले.


होटगीकर :

डाइव्ह केली, झपकन नाही पण वर येते. पट्टीतले २० ग्रॅम काढले, एलेव्हेटरची ट्रिम निम्मी उतरली, पूर्ण थ्रॉटलला आता थोडंच चढते. अजून १५ काढून बघणार. फ्लॅप उघडले की मात्र नाक फुग्यासारखं वर येतं, त्याला रेडिओत एलेव्हेटर २ मिमी खाली मिक्स केलंय आणि फ्लॅपचा सर्वो तीन सेकंदांवर मंद ठेवलाय.


नवशिका_पेठेतला :

होटगीकर सर, माझा फोमचा ट्रेनर आला. रविवारी येऊ का मोहोळकडे?


होटगीकर :

या की. सहाला पोचा, बॅटरी भरून आणा, टोपी आणि पाणी विसरू नका. दगड वेचायला माणसं कमीच पडतात.